महादेवाच्या डोंगरात पहिल्यांदा जाताना

आमच्या विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पचमढीचं नाव फारसं येत नाही. ती म्हणतात, "महादेवाला गेलतो." माझ्या आजीच्या लेखी तर तो सगळा डोंगरच महादेव होता. नकाशातही त्याचं नाव तेच आहे, महादेव डोंगर. सातपुड्याचा हा सगळ्यात उंच भाग मध्य प्रदेशात नर्मदापुरम आणि छिंदवाडा जिल्ह्यांच्या सीमेवर येतो. त्याच्या पठारावर पचमढी गाव आहे आणि चहूबाजूंनी दऱ्या, कडे आणि व्याघ्र प्रकल्पाचं जंगल.

बहुतेक लोक इथे दोन दिवस येतात, जिप्सीत बसून दहा 'पॉइंट' बघतात आणि परत जातात. हा लेख ज्यांना इथे पायी हिंडायचं आहे त्यांच्यासाठी आहे. त्यातही सह्याद्रीत किल्ले चढलेल्या, पण या डोंगरात नवख्या असलेल्या मंडळींसाठी. सह्याद्रीतला अनुभव इथे उपयोगी पडतो, पण अर्धाच, कारण पायाखालचा दगड वेगळा आहे. पहिल्या खेपेला मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आधी दगड ओळखा

सह्याद्री म्हणजे काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: कडा, सपाटी, पुन्हा कडा. पचमढीचा दगड त्याहून कितीतरी जुना. सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी मोठमोठ्या नद्यांनी इथे रेती आणि गोटे आणून टाकले, त्यांचे शेकडो मीटर जाडीचे थर दाबले गेले आणि त्याचा वालुकाश्म झाला. गाववाले त्याला सरळ 'रेतीचा पत्थर' म्हणतात, आणि तेच नाव खरं आहे.

जटाशंकर या गुहेतल्या देवस्थानाच्या वाटेवर कुठेही थांबा आणि कड्याजवळ तोंड न्या. भुरकट पिवळ्या दगडात तिरक्या रेघा दिसतील, शेतातल्या नांगरटीसारख्या एकमेकींना छेद देणाऱ्या. नदीच्या तळाशी रेतीच्या लाटा सरकत गेल्या, त्यांच्या त्या खुणा. मध्येच अंड्याएवढा, बोराएवढा गुळगुळीत पांढरा गारगोटीचा गोटा रुतलेला असतो. तळहात दगडावर फिरवा आणि उलटा करून बघा, हाताला रेती लागलेली असते. इतक्या सहज सुटते ती.

चालणाऱ्याच्या दृष्टीने सगळं यातच आलं. कोरडा वालुकाश्म बुटाला घट्ट धरतो, बेसाल्टच्या गुळगुळीत कातळापेक्षा कितीतरी जास्त. उघड्या तिरक्या दगडावर तुम्ही सरळ चालत चढता आणि स्वतःलाच नवल वाटतं. पण सुटलेली रेती पायऱ्यांवर, वाटेच्या उतारावर पसरून राहते आणि उतरताना तीच पायाखालून सरकते. दगड ओला झाला की शेवाळ धरतो आणि मऊही पडतो. हाताने धरलेला कंगोरा पावसाळ्यात निखळू शकतो. आणि कड्याची कड बहुतेक ठिकाणी खालून पोखरलेली असते. वरून भक्कम चौथरा दिसतो, खाली आधार नसतो. सह्याद्रीत कड्याच्या टोकाला पाय सोडून बसायची सवय असेल तर ती इथे घरी ठेवून या.

दगडात उभ्या भेगा आहेत. पाणी त्या भेगांतून खाली कापत जातं आणि अरुंद, खोल घळी तयार होतात. त्यांना इथे 'खोह' म्हणतात. हांडी खोह त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, तीनशे फुटांची सरळ उभी दरी. कठड्यापाशी उभं राहिलं की खालच्या झाडांचे शेंडे दिसतात, जमीन दिसतच नाही.

कधी जायचं

चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पचमढी हजार मीटरच्या वर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत येतो, तेव्हा स्वेटर नव्हे, चांगलं जाकीट हवं. ऑक्टोबरात धबधबे भरलेले असतात, हवा धुतलेली असते, पण खोहांमधल्या वाटा अजून ओल्या असतात. एप्रिल-मेमध्ये गावात हवा बरी असली तरी चौरागड या महादेवाच्या शिखराच्या पायऱ्यांवर ऊन भाजून काढतं.

पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस पडतो. जुलै ते सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बंद असतो. मात्र याच काळात, नागपंचमीच्या आधीचे थोडे दिवस, नागद्वारची वाट उघडते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

महाशिवरात्रीचा विचार आधीच करून ठेवा. त्या आठवड्यात चौरागडावर लाखो लोक चढतात, त्यात आपल्या विदर्भातले फार. तो अनुभव घ्यायचा असेल तर जरूर जा, पण मग शांततेची अपेक्षा ठेवू नका आणि राहण्याची सोय महिनाभर आधी करा. नुसतं चालायचं असेल तर तो आठवडा टाळा.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी रेल्वेने पिपरियाला उतरावं. भुसावळ, खंडवा, इटारसी मार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मार्गावर हे स्टेशन आहे. सगळ्याच गाड्या थांबत नाहीत, तिकीट काढताना थांबा बघून घ्या. पिपरियाहून पचमढी पन्नास-बावन्न किलोमीटर. बस आणि जीप दोन्ही मिळतात. शेवटची बस चुकली तर जीपवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो, म्हणून दिवसा पोचणारी गाडी निवडा.

नागपूरकडून रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटर, आणि माझ्या मते हा रस्ता म्हणजेच प्रवासाचा पहिला टप्पा आहे. सावनेर, सौंसरच्या संत्र्याच्या बागा, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, मग परासियाच्या कोळशाच्या खाणी. तो कोळसा आणि पचमढीचा वालुकाश्म एकाच मोठ्या गोंडवना थरांतले (जुन्या नद्यांनी साचवलेल्या खडकांच्या मालिकेला हे नाव आहे), कोळसा खालच्या जुन्या थरातला आणि वालुकाश्म वरचा. म्हणजे परासिया ते पचमढी हा प्रवास त्याच थरांतून वर वर चढत जातो. पुढे तामिया लागतं. तिथे कड्याच्या कडेला उभं राहिलं की समोर महादेव डोंगराची रांग पहिल्यांदा नजरेत येते. जवळच पातालकोट, भारिया आदिवासींच्या गावांची ती खोलगट दरी. तामियानंतर रस्ता देनवा नदीच्या खोऱ्यात उतरतो, मटकुलीला पिपरियाकडचा रस्ता मिळतो आणि तिथून घाट सुरू होतो.

पूर्वी हा सगळा पल्ला लोक पायी किंवा बैलगाडीने करत. छिंदवाडा जिल्ह्यातल्या जुन्नारदेवला 'पहिली पायरी' नावाचं देवस्थान आहे, कारण महादेवाच्या यात्रेची पहिली पायरी तीच मानतात. पुढे भुराभगतचं ठाणं. अजूनही काही घराणी या दोन ठिकाणी डोकं टेकवल्याशिवाय चौरागड चढत नाहीत. तुमच्या घरात असा रिवाज असेल तर आजी-आजोबांना विचारून घ्या, वाट त्यानुसार आखावी लागेल.

गावात पोचल्यावर पहिलं काम

सामान टाकलं की चहा प्या आणि थेट बायसन लॉजकडे जा. १८६२ सालची ही इमारत आता वनखात्याचं संग्रहालय आहे. जंगलातल्या ठिकाणांचे परवाने तिथल्या खिडकीवर मिळतात. धूपगड, बी फॉल, रीछगड अशा बऱ्याच ठिकाणी खासगी गाडी नेता येत नाही. नोंदणी असलेली जिप्सी आणि तिच्याबरोबर परवाना लागतो. ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, मोबाइलमधला फोटो नव्हे, प्रत्यक्ष कार्ड. रोख पैसे जवळ ठेवा, कारण गावाबाहेर पडलं की रेंज जाते आणि मग मोबाइलवरून पैसे देण्याचा प्रश्नच राहत नाही.

खिडकीवर हे तीन प्रश्न विचारा: आज कुठली वाट बंद आहे, कुठे पायी जाता येतं आणि कुठे गाइड सक्तीचा आहे. नियम ऋतूनुसार बदलतात आणि इंटरनेटवरची माहिती बहुतेक वेळा जुनी असते. इथला प्रदेश सातपुडा राष्ट्रीय उद्यान, बोरी आणि पचमढी अभयारण्य असा मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. उद्यान १९८१ साली झालं. १९९९ साली पचमढी जैवावरण राखीव क्षेत्र झालं आणि २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. परवान्याशिवाय आडवाटेला शिरलात तर तो गुन्हा ठरतो.

गाइड घ्यायचाच. सक्ती नसेल तिथेही घ्या. हे बरेचसे गोंड आणि कोरकू घरांतले लोक. कोरकू म्हणजे आपल्या मेळघाटातलेच, भाषा तीच. माझ्याबरोबरच्या मेळघाटातल्या मित्राने गाइडशी दोन वाक्यं कोरकूत बोलली आणि पुढचा सगळा दिवस बदलून गेला. मग त्यांनी नकाशात नसलेले झरे दाखवले, कुठल्या झाडाची साल कशाला वापरतात ते सांगितलं, आणि अस्वलाने वारूळ फोडलेली ताजी जागा दाखवून वाट बदलली.

पहिला दिवस पाय तयार करण्याचा

पहिल्याच दिवशी चौरागड गाठायची घाई करू नका. रात्रीचा प्रवास झालेला असतो आणि पाय या दगडाला सरावलेले नसतात.

सकाळी जटाशंकर. गावापासून दीड-दोन किलोमीटर, चालतच जा. खोहात उतरताना दोन्ही भिंती जवळ येत जातात, वर अडकलेले प्रचंड धोंडे दिसतात आणि खाली गार हवा लागते. भिंतीला पायथ्याशी हात लावा, ओल लागेल. वालुकाश्म पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि महिनोनमहिने हळूहळू पाझरत राहतो. म्हणून या डोंगराच्या माथ्यावर पाणी नाही आणि पायथ्याला झरे बारमाही. हे गणित पक्कं लक्षात ठेवा, पुढे पाण्याचा हिशेब त्यावरच करायचा आहे.

मग पांडव गुहा. एका बुटक्या टेकाडात खोदलेल्या पाच गुहा. पाच मढ्या म्हणून पचमढी, असं गावाचं नाव सांगतात. दुपारी अप्सरा विहार, आणि तिथून खडकांवरून रजत प्रपाताच्या माथ्याकडे. हा साडेतीनशे फुटांचा धबधबा वरूनच बघायचा असतो. अप्सरा विहारचं कुंड उथळ दिसतं, पण तळ रेतीचा आहे आणि दर पावसाळ्यात त्याची खोली बदलते. उडी मारू नका. पोहता येणाऱ्यांनाच सांगतो आहे, न येणारा उडी मारतच नाही.

या खडकांवर तासभर चढउतार करा. कुठे पाय धरतो आणि कुठे सरकतो ते पायालाच कळू द्या.

दुसरा दिवस चौरागडाचा

पहाटे निघा. गावापासून दहाएक किलोमीटरवर बडा महादेव, तिथपर्यंत गाडी जाते. आधी गुहेत दर्शन घ्या, छतातून थेंब थेंब पाणी पडत असतं. जवळच गुप्त महादेव. ही दोन कड्यांमधली इतकी चिंचोळी फट आहे की अंग तिरकं करून सरकावं लागतं, आणि एका वेळी सात-आठ माणसंच आत सोडतात. पाठीवरची सॅक बाहेर कुणाकडे तरी द्या. बंद जागेत घाबरायला होत असेल तर आत जाऊ नका. मध्ये पोचल्यावर मागे फिरायला जागा नसते.

तिथून चौरागड साडेतीन-चार किलोमीटर. सुरुवातीला जंगलातली वाट वरखाली होत जाते. ती सोपी आहे, पण सगळा दम तिथे घालवू नका, कारण शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या सारख्या उंचीच्या नाहीत. चढायला सवयीच्या माणसाला दोन तास, इतरांना तीन. वाटेत लिंबूपाण्याची, चण्याफुटाण्यांची दुकानं असतात. तरी प्रत्येकी दोन लिटर पाणी खालूनच घ्या.

वानरं आणि माकडं तुमच्या हाताकडे बघत असतात. नारळ, प्रसाद, पिशवी, जे हातात दिसेल ते ओढतात. सगळं सॅकच्या आत आणि चेन लावलेली हवी.

माथ्याच्या जवळ आलं की आधी त्रिशूळ दिसू लागतात. कठड्याला टेकवलेले, जमिनीत रोवलेले, एकावर एक रचलेले, हजारोंनी. वीतभर लांबीचे आहेत, आणि दहा माणसांनी खांद्यावर वाहून आणलेलेही आहेत. नवस फेडणारी माणसं गावाकडून ते घेऊन येतात. "हर बोला, हर हर महादेव" म्हणत एकेक पायरी चढतात. कित्येक त्रिशुळांवर मराठीत नावं कोरलेली दिसतील: गाव, तालुका, वर्ष. मी तिथे अर्धा तास फक्त ती नावं वाचत बसलो होतो. आजीने कधी त्रिशूळ वाहिला होता का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

उतरताना मी पडलो. रेती पसरलेल्या पायरीवर टाच आधी टाकली, ती सरकली, आणि मी हातावर आपटलो. तळहातात रेतीचे कण रुतून बसले. मागून येणाऱ्या यवतमाळकडच्या एक आजी अनवाणी होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पाय आडवा टाक बापू. सरळ टाकला का रेती नेते." तसं उतरलो. पाऊल पायरीला आडवं, पूर्ण तळवा टेकलेला, गुडघा थोडा वाकलेला. पुन्हा घसरलो नाही. या डोंगरात मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

दुपारी दोनच्या आत खाली या. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी अवश्य घ्या.

तिसरा दिवस, धूपगड आणि रंगवलेल्या कपारी

धूपगड साडेतेराशे मीटर, सातपुड्याचं सर्वोच्च शिखर. सूर्यास्ताला सगळी पचमढी तिथे लोटते. गर्दी नको असेल तर पहाटेची जिप्सी ठरवा. एका बाजूला सूर्योदय, दुसऱ्या बाजूला दऱ्यांमध्ये साचलेलं धुकं. पायी जायचं असेल तर त्या दिवसाची परवानगी आधी विचारा, कधी मिळते, कधी वाघाच्या हालचालीमुळे नाकारली जाते. नाकारली तर वाद घालू नका.

वाटेत झाडांकडे लक्ष द्या. पचमढीच्या वालुकाश्मावर साल वृक्ष उभा आहे, आणि जिथे काळ्या दगडाची माती सुरू होते तिथे साग. महाराष्ट्रातून येणाऱ्याला साग ओळखीचा, साल नवा. थोडं निरखलं की नुसत्या झाडावरून खालचा दगड सांगता येऊ लागतो. वर फांद्यांत लाल-तपकिरी झुपकेदार शेपटी दिसली तर तो शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी.

उरलेल्या वेळात गाइडला चित्रांच्या कपारींकडे न्यायला सांगा. या डोंगरात अशा कपारी पुष्कळ आहेत, कारण वालुकाश्माचा मऊ थर आधी झिजतो आणि वरचा कठीण थर छपरासारखा राहतो. लाल आणि पांढऱ्या रंगातले घोडेस्वार, धनुर्धारी, नाचणारी माणसं, बैल. आणि मध काढणारी माणसं: शिडीवर चढलेली, भोवती ठिपक्यांनी दाखवलेल्या माश्या. चित्र बघून बाहेर या आणि समोरच्या कड्याकडे मान वर करा. तिथे आजही आग्या मोहोळं लोंबत असतात.

चित्रांना हात लावू नका. फोटो उठावदार यावा म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडणारे लोक मी पाहिले आहेत. असं करताना कुणी दिसलं तर त्याला तिथेच थांबवा. रंग रेतीच्या कणांवर बसलेला आहे आणि कण सुटला की रंगही जातो.

नागद्वार

हा भाग नवख्यांसाठी आहे का, असं मला विचारतात. पहिल्या खेपेला नाही. चौरागड नीट झाला, पावसात चालायची सवय असली, तर दुसऱ्या वर्षी.

नागद्वारची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून जाते आणि वर्षातून फक्त नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस उघडते. इथे एक घोळ हमखास होतो. मध्य प्रदेशात श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे तिकडचा माणूस "सावन में आओ" म्हणाला की आपली तारीख चुकते. नागपंचमी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी येते. म्हणून नागपंचमी धरूनच उलट मोजा, आणि वाट नक्की कधी उघडणार ते निघण्यापूर्वी नर्मदापुरम जिल्हा प्रशासनाच्या सूचनेत बघून घ्या.

धूपगडच्या रस्त्यावर जलगलीपर्यंत ठरवून दिलेली वाहनं नेतात, पुढे पायी. सगळा फेरा मिळून पंधरा किलोमीटरच्या घरात. आकड्याने फसू नका. खोहात उतरायचं, ओढा ओलांडायचा, समोरच्या भिंतीवर लोखंडी शिडीने चढायचं, पुन्हा उतरायचं. काजरी, चिंतामणी, चित्रशाला, पद्मशेष, स्वर्गद्वार, पश्चिमद्वार अशी ठाणी लागतात. काजरीची गोष्ट वाटेत कुणीतरी सांगतंच. मूल व्हावं म्हणून एका बाईने नागदेवाला काजळ लावायचा नवस केला, मूल झालं, ती नवस फेडायला आली, आणि देवाचं विराट रूप बघून तिथेच कोसळली.

दिवसभर पाऊस, धुकं आणि चिखल. पण एकटेपण नाही. नागपूर, अमरावती, वर्ध्याकडची सेवा मंडळं वर्षानुवर्षं इथे तंबू टाकून येणाऱ्याला चहा, खिचडी, पुरीभाजी देतात. तेल, तांदूळ, सिलिंडर सगळं डोक्यावरून आणलेलं. मध्य प्रदेशाच्या ऐन जंगलात रात्री दहा वाजता मराठी भजन ऐकू येतं आणि कुणीतरी हाताला धरून म्हणतं, "या भाऊ, आधी जेवून घ्या." तिथे पैसे विचारू नका, देणगीची पेटी असते.

नियम मोजके, पण काटेकोर पाळायचे. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड दगडाकडे. ओढ्याला गढूळ पाणी वाढताना दिसलं की ओलांडायचा नाही, थांबायचं. अरुंद खोहात वरच्या अंगाला पडलेला पाऊस दहा मिनिटांत खाली येतो, तुमच्या डोक्यावर थेंब पडत नसला तरी. अंधारात चालायचं नाही, जवळच्या मंडळात मुक्काम करायचा. पिशवीत एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकमध्ये बांधलेला असू द्या आणि तो फक्त झोपताना घाला. प्लास्टिक परत आणा. यात्रा संपल्यावर ती वाट पुन्हा जनावरांची असते.

मधमाश्या, अस्वल आणि इतर

सगळ्यात मोठा धोका वाघाचा नाही, आग्या माश्यांचा आहे. कड्यांखाली अत्तर, डिओ लावून जाऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा, दगडफेक तर नाहीच. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं कपड्याने झाका आणि झाडीतून सरळ लांब पळा, हात झाडत उभे राहू नका. पाण्यात बुडी मारून बसण्याचा सल्ला ऐकू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

अस्वल पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतं. वाटेवर बोलत चला, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या.

बुटांचा तळ रबरी, खोबणींचा हवा. नवे बूट घालून येऊ नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर. माथ्यावर पाणी मिळणार नाही हे धरूनच भरून घ्या. खोहातलं झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी गाळून आणि गोळी टाकून प्या, वरच्या अंगाला जनावरं पितात.

निघण्यापूर्वी हॉटेलात कागदावर लिहून द्या: कुठली वाट, कोण गाइड, किती वाजता परत. फोन लागणार नसतो, तेव्हा शोधणाऱ्यांना तेवढाच धागा असतो.

परतताना

नागपूरकडे जाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत पचमढी सोडावी. मटकुलीचा घाट आणि देनवाचं खोरं उजेडात पार होतं आणि तामियाला उन्हं चढायच्या आत पोचता. तिथल्या कड्यावर थांबून मागे वळून बघा. धुकं नसेल तर महादेव डोंगराच्या रांगेत चौरागडाचा माथा वेगळा ओळखू येतो. जाताना तो ओळखता आला नव्हता. घरी म्हातारं माणूस असेल तर तिथून रेंज मिळते का बघा आणि त्यांना फोन लावा.